हाडं आमची, कातडं तुमचं

भोसरी, २ फेब्रुवारी २०२५

रणजीत,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. सुरुवातीलाच दिला तर तू पुढचं वाचत नाहीस, हा तुझ्या आईचा अनुभव आहे.

पत्र अलमास लिहिते आहे. शेजारच्या जहीर मेकॅनिकची बायको. तू आत गेल्यावर हे लोक राहायला आले. बारावी शिकली आहे, शिलाई मशीन चालवते, मला आजी म्हणते. आधी लिहून देणाऱ्या विमलबाई लेकाकडे गावी गेल्या, म्हणून आता हिची पाळी. अक्षर बदललं म्हणून दचकू नको, बोलणं माझंच आहे. ओळख म्हणून खाली अंगठा उठवते, विळ्याने कापल्याची आडवी रेघ बघून घे.

हिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे की तुझं पत्र वाचताना शिव्या गाळायच्या. तिच्या तोंडाला त्या शोभत नाहीत आणि माझ्या कानाला नव्या नाहीत. त्यामुळे तुझं दोन पानांचं पत्र परवा चहाला उकळी यायच्या आत संपलं. रुपालीचं सोडलं तर उरलं ते एवढंच, की पाठ दुखते, आणि मे महिन्यात तीस दिवस पॅरोलवर यायचं आहे. त्यासाठी चौकीतून हवालदार येईल, तेव्हा "याची जबाबदारी मी घेते" म्हणून मी अंगठा द्यायचा. देईन. पोटचा आहेस. शब्द दिला म्हणून लिही, असं हिला सांगितलं आहे.

तुमचे साहेब पत्रं फोडून वाचतात म्हणे. साहेबांना नमस्कार.

आता रुपालीचं. बाविसावं लागलं तिला. दोन वर्षं कॅन्टीनचा छोटा टेम्पो चालवला, आता तिला ट्रक चालवायचा आहे. तुझं म्हणणं अलमासने वाचलं: "गाडी आपली असताना परक्याच्या दारात कशाला? शिकायचं तर गणराजच्या हाताखाली शिक, नाहीतर घरी बस." तुझी गाडी गेली पाच वर्षं गणराज चालवतो, तुला भेटायला येतो, तुझा जिवाचा दोस्त. तो मला म्हणाला, "मावशी, टाका पोरीला माझ्या गाडीवर. दोन वर्षं क्लीनरकी करू द्या, मग देतो स्टिअरिंग." मी रुपालीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, गणराजकाका गाडीत चढवतो तेव्हा त्याचा हात दाराला नसतो." मी पुढे विचारलं नाही. तूही विचारू नको, समजून घे.

दुसरी वाट महाळुंग्याची. चाकणच्या अलीकडे मालवाहतुकीची एक कंपनी आहे, ती मुलींना शिकवते. आठ आठवडे तिथेच राहायचं, जेवण त्यांचं, शिकवणं त्यांचं, हेवी लायसन्सचा खर्च त्यांचा. बदल्यात दोन वर्षं त्यांच्याकडेच नोकरी. शाळेचे दाखले तोवर त्यांच्याजवळ, आणि घरच्या कुणीतरी जामीन राहायचं. तुझी पोरगी तुझ्यासारखी नाही, ती आधी विचारते. आधीच्या मुलींपैकी चौघींना फोन लावले तिने. दाखले परत मिळतात का, आजारी पडलं तर काय, सर कसे आहेत. एकीने सांगितलं, उसळ पातळ असते. बाकी कुणाची तक्रार नाही.

मी म्हटलं, "दोन वर्षांचा बॉण्ड म्हणून एवढी घाबरतेस? तुझ्या आजोबांच्या घरात माझा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्यात जेवणही मीच करत होते, आणि मारही मीच खात होते." हसली. मग तिने ठरवलं.

तू लिहितोस, बाईमाणसाला रस्त्यावर मारतात. खरं आहे बाबा. आंबेठाण चौकात गाड्यांच्या लाइनीत नंबर कुणाचा, एवढ्यावरून बार्शीच्या त्या ड्रायव्हरचं डोकं चाक खोलायच्या टॉमीने कुणी फोडलं होतं? तिसऱ्या दिवशी गेला तो. रस्त्यावर मारणारे कोण असतात, हे आपल्या घराला कुणी शिकवायला नको.

आणि उस्तादाच्या हाताखाली म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, आजही नको.

आता आशीर्वाद घे.

आई
(अंगठा)


भोसरी, २ मार्च २०२५

रणजीत,

या खेपेला तुझं पत्र पोस्टाने आलं नाही, सुटून आलेल्या माणसाने आणून दिलं. तीन पानं होती. अलमासने पाऊण पानात संपवलं. मधेच एकदा थांबली, पाणी प्यायली, घसा कोरडा पडला म्हणाली. म्हटलं, एवढ्या शिव्या गिळल्यावर पडणारच.

तुझा राग पोचला. पण आता उशीर झाला. कंपनीच्या कागदावर मी जामीन म्हणून अंगठा दिला, आणि रुपाली दहा तारखेपासून महाळुंग्याला आहे. बारा मुली आहेत. नारिंगी जाकीट, काळे बूट. बूट पायाला लागतात म्हणून फोनवर रडली. मी म्हटलं, तुझ्या बापाने तेरा वर्षांचा असताना टायरच्या चपलांवर क्लीनरकी केली. म्हणाली, "आजी, म्हणून तर तो असा झाला." मी फोन ठेवला. म्हणजे कट झाला.

पहिल्या आठवड्यात खरी गाडी देत नाहीत. खोलीत स्टिअरिंग, गिअर, पायाखाली ब्रेक, आणि समोर पडदा. पडद्यावर रस्ता. पहिल्या दिवशी तिने दोन म्हशी आणि एक रिक्षा मारली. शिकवणारे नौशाद सर आहेत, तीस वर्षं गाडी चालवलेले. त्यांनी काय केलं असेल, सांग बघू. "पुन्हा करा," म्हणाले. बस. मी तिला तीनदा विचारलं, हात उगारला का, पान्हा फेकून मारला का, आईवरून काही बोलले का. नाही म्हणाली. मला अजून पटत नाही. आता ती टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखते, आणि कुठल्या आरशात कुठला माणूस दिसत नाही ते मला सांगते. आरशात न दिसणारी माणसं मला आधीच माहीत होती, पण तिला बोलले नाही.

तुझा जिवाचा दोस्त मंगळवारी दुपारी आला. बाजेवर बसला आणि हातातली टॉमी फरशीवर ठेवली. मी म्हटलं, "रणजीतची दिसते." "रणजीतची पोलिसांत जमा हाय, ही माझी," म्हणाला. विनोद करतो बरं का तोही.

"मावशी, पोरीला माघारी आणा."

"का रं? मी काय तुझ्या गाडीला धक्का द्यायला सांगितला?"

"लायसन निघालं की ती चावी मागायला येणार. मला काय कळत न्हाई व्हय?"

"गाडी तिच्या बापाची हाय. मागंल की."

तसा उठला आणि टॉमी माठावर घातली. घरभर पाणी. म्हटलं, बरं झालं, गळतच होता. त्याला हसू आलं नाही. मी फडकं घेऊन पाणी पुसत बसले. जाताना दाराच्या चौकटीवर एक घाव घातला. खोक पडली आहे, मेमध्ये येशील तेव्हा दाखवते.

तो तुझं ऐकतो. त्याला आवर.

हल्ली खलातला बत्ता उशाशी घेऊन निजते. म्हाताऱ्या माणसाला कधी खोकला येतो, मिरी कुटायला लागते, म्हणून.

आशीर्वाद आहेच.

आई
(अंगठा)


भोसरी, २५ मार्च २०२५

रणजीत,

आज थट्टा नाही. एकदाच सांगते, पुन्हा सांगायला लावू नको.

रविवारी रुपालीला भेटायला गेले. चार पुडांचा स्टीलचा डबा घेतला होता, शेंगांच्या पोळ्या, ठेचा, वरण, भात. चाकणला बस, पुढे रिक्षा. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिच्यापलीकडे आपली गाडी उभी होती. मागे तू लिहून घेतलेलं रुपालीच्या आईचं, जयमालाचं नाव अजून आहे. मला वाटलं, माल भरायला आली असेल. म्हातारीची अक्कल.

रुपाली बाहेर आली. जाकीट तसंच अंगात, गालाला ग्रीस. डब्याकडे बघून हसली. तेवढ्यात गणराज टपरीमागून आला आणि तिची वेणी धरली. मनगटाला दोन वेढे दिले, दोर गुंडाळावा तसे, आणि ओढत गाडीपाशी नेली. ती बुटांनी लाथा मारत होती, एक त्याच्या नडगीवर बसलीही. त्याने तिला गाडीच्या पायरीशी गुडघ्याखाली दाबली, डावा हात पायरीवर ताणून धरला आणि दुसऱ्या हाताने टॉमी घातली. पहिला घाव निसटता लागला. दुसरा बरोबर बसला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला, रणजीत. तुराट्या मी आयुष्यभर मोडल्या चुलीसाठी. आता मोडवत नाहीत.

आणि तो काय म्हणाला ते ऐक. मी तीन हातांवर होते, माझे कान शाबूत आहेत. म्हणाला, "मी न्हाई, तुझ्या बापानं सांगितलंय. हात मोड म्हणला, पाय सोड. लंगडीचं लगीन व्हत न्हाई."

तिसऱ्यांदा उचलली तेव्हा मी डबा घातला. कडी धरून, फिरवून, तोंडावर. भरलेला डबा जड असतो. त्याचे समोरचे दोन दात गेले, एक वरणात सापडला. पुन्हा घातला. मग वॉचमन धावला, आतून मुली धावल्या, आणि नौशाद सर त्याच्या अंगावर पडले. एकीने टॉमी हिसकावून नाल्यात फेकली. बाकीच्यांनी त्याला बुटांनी तुडवला. कंपनीचे बूट चांगले जाड आहेत, उगाच नावं ठेवली आपण. नौशाद सर ओरडत होते, "बस करा, मरेल तो." मी नसतं थांबवलं. हे तुमच्या साहेबांनी वाचलं तरी चालेल.

रुपाली रडली नाही. हात मांडीवर धरून बसली होती, कोपराखाली हाताला आणखी एक सांधा आल्यासारखा वाकडा. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, डावा आहे. गिअर डाव्या हातानेच टाकतात."

संत तुकाराम नगरच्या मोठ्या दवाखान्यात आहे. दोन हाडं तुटली, दोन पट्ट्या बसवल्या. आठ आठवड्यांपैकी सहा झाले होते, दोन राहिले. परीक्षा गेली. कंपनी तिला ठेवते की दाखले हातात देऊन घरी पाठवते, कुणालाच माहीत नाही. विचारायची माझी हिंमत होत नाही.

पोलीस आले होते. गणराज त्यांच्या ताब्यात आहे, गाडीही. मी जबाब दिला. काय दिला ते आत्ता सांगत नाही.

तू सांगितलं होतंस का? हो की नाही, एवढंच लिही. बाकी पान कोरं ठेवलंस तरी चालेल.

आई
(अंगठा)


भोसरी, ६ एप्रिल २०२५

रणजीत,

तुझं उत्तर आलं. "नुसतं घाबरव म्हटलं होतं. एवढं करेल असं वाटलं नाही. मे महिन्यात आलो की बघतो त्याच्याकडे."

अलमासने वाचलं आणि कागद खाली ठेवला. मशीनचा खण उघडला, कापडाच्या चिंध्यांखालून फेब्रुवारीचं तुझं पत्र काढलं, सुटलेल्या माणसाने आणून दिलेलं, तीन पानांचं. म्हणाली, "आजी, यातली एक ओळ मी वाचली नव्हती." म्हटलं, वाच. तिने वाचली:

"पोरगी कंपनीत गेलीच तर गणराजला सांगून ठेवलंय, तो तिचा हात मोडील, पाय सोडील. तोंडाला आणि कातड्याला लागू नये असंही सांगितलंय, उद्या लग्नात डाग दिसायला नको."

"ही शिवी नव्हती आजी," ती म्हणाली, "पण शिवीपेक्षा वाईट होती. मला वाटलं, रागात लिहिलं असेल, तुम्हाला कशाला ऐकवायचं. आणि तुम्हीच सांगितलं होतं, घाण असेल ते गाळ."

माझा हात उठला. तिच्या गालावर पडलाही. आठ महिन्यांची पोटुशी आहे ती. हे लिही म्हटलं, तर मान हलवते. लिही म्हटलं पुन्हा. लिहिते आहे.

मग मी खाली बसले. पोरीने काय केलं? मी सांगितलं तेच. तुझ्या पत्रात काय आहे ते मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी चाळणी लावली होती, आणि वर त्याच चाळणीची थट्टा करत होते. ती ओळ मला फेब्रुवारीत कळली असती तर मी गेटबाहेर डबा घेऊन उभी राहिले नसते, तिला बाहेर बोलावलंच नसतं. ती बाहेर आली ती माझ्यासाठी. गणराजला तेवढंच हवं होतं.

जे बोलायचं नाही असं म्हटलं होतं, ते आता बोलते.

तेरा वर्षांचा होतास. उद्धवराव उस्तादाच्या गाडीवर तुला घातला तेव्हा मी रीतीने नारळ दिला, टॉवेल दिला, आणि सगळे म्हणतात ते म्हटलं: "हाडं आमची, कातडं तुमचं. मारा पण शिकवा." त्या काळी सगळ्याच आया म्हणत. शाळेच्या मास्तरला म्हणत, उस्तादाला म्हणत, तालमीतल्या वस्तादाला म्हणत. म्हटलं नाही तर माणूस मनापासून शिकवत नाही, अशी समजूत.

आठ महिन्यांनी तू चालत घरी आलास. सदरा पाठीला चिकटला होता. पाणी घालून सोडवला, तर खाली फॅनबेल्टचे वळ, एकावर एक, काही पिकलेले. गाडी मागे घेताना आवाज द्यायला उशीर झाला म्हणून. तू म्हणालास, "आई, मला शेळ्या राखू दे." मी हळद भरली, तेल लावलं, दोन दिवस पालथा निजवला. तिसऱ्या दिवशी हाताला धरून परत त्याच्या गाडीपाशी नेला. वाटेत बसकण मारलीस, तेव्हा बाभळीची फांदी तोडून त्याच पाठीवर मी दोन दिले. आणि उस्तादाला काय म्हणाले? तेच. पुन्हा एकदा. तो हसला. म्हणाला, "दुर्गाबाई, तुमच्यासारखी आई पाहिजे."

गाडी निघाली तेव्हा तू केबिनमधून माझ्याकडे बघत होतास. रडत नव्हतास. ती नजर मी तीस-बत्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, माझं पोरगं त्या दिवशी शहाणं झालं म्हणून. जयमालाचा कान तू फोडलास तेव्हाही मी तिला म्हटलं, सोसून घे, रागीट आहे पण कामाचा आहे. ती काविळीने गेली. फुटका कान घेऊनच गेली.

मी कातडं दिलं आणि हाडं राखली. तू हाडं दिलीस आणि कातडं राखलंस. शिकलास माझ्याकडूनच, नुसतं उलटं करून घेतलंस.

रुपालीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

आई
(अंगठा)


भोसरी, २७ एप्रिल २०२५

रणजीत,

या घरात आता नवा कायदा आहे. जो कागद येईल तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. शिवी असली तरी वाचायची. विजेच्या बिलामागची जाहिरातसुद्धा मी ऐकते हल्ली. अलमास म्हणते, आजी, बाळंत व्हायच्या आत तुम्ही मला म्हातारी कराल. हो, ती येते अजून. मी तिच्या दारात जाऊन बसले होते दोन तास. तिसऱ्या तासाला तिने चहा दिला. तुझ्या आईला माफी मागायला येत नाही, नुसतं बसता येतं.

कंपनीकडून नौशाद सर आणि ऑफिसच्या मिनल मॅडम घरी आले. दोघांना बाजेवर बसवलं, जिथे तुझा दोस्त बसला होता. मी सरळ विचारलं, "पोरीला काढायला आलात का?" मॅडम म्हणाल्या, तिची जागा राखली आहे. डॉक्टरने हात मोकळा केला की जूनच्या तुकडीत ती पुन्हा बसेल, झालेले सहा आठवडे धरून राहिलेलं शिकायचं. फक्त आधीच्या कागदाच्या तारखा सरल्या, म्हणून जामिनाचा कागद नवा. अलमासने सगळा वाचला, खालची बारीक अक्षरंसुद्धा. एका ठिकाणी मी थांबवलं. दाखले कधी परत देणार, त्याची तारीखच नव्हती. मॅडमनी हाताने लिहून सही केली. मग मी नौशाद सरांना विचारलं, "तुम्हाला काय म्हणू? हाडं आमची, कातडं तुमचं, असं म्हणायची आमच्यात रीत आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या कानामागे एक जुना वण आहे, तो तेव्हा दिसला. "आमच्या अम्मीनेही म्हटलं होतं आजी," ते म्हणाले. "तुम्ही काही म्हणू नका. दोन्ही तिचंच राहू द्या."

अंगठा दिला. शाई ताजीच होती, आणि गुरुवारी चौकीतून हवालदार आला. तुझ्या पॅरोलचा कागद घेऊन.

"आजी, मुलगा तीस दिवस घरी येणार. तुम्ही जबाबदारी घेता का? वेळेवर परत हजर करायची, आणि तोवर त्याच्या हातून काही होऊ द्यायचं नाही."

म्हटलं, वाचा सगळा. तो म्हणाला, वाचलं की आत्ता. म्हटलं, तुम्ही सांगितलंत, वाचलं नाही. त्याने घड्याळ बघितलं आणि वाचला. तुझा गुन्हा, कलमं, तू आत किती दिवस काढलेस, तुझी वागणूक चांगली असा शेरा. तुझ्या वागणुकीबद्दल चांगलं लिहिलेला कागद मी पहिल्यांदाच ऐकला. दोनदा वाचायला लावली ती ओळ.

मग मी म्हणाले, "घेत नाही."

"आजी, विचार करा. आईने नाही म्हटलं तर अवघड होतं."

"माझा विचार मार्चमध्येच झाला. लिहा."

आता त्या जबाबाचं सांगते, जो मी मागे लपवला होता. गणराज जे बोलला ते मी तेव्हाच पोलिसांना सांगितलं होतं, तुझ्या नावासकट. तेव्हा माझ्याकडे नुसतं त्याचं बोलणं होतं, आणि तो म्हणत होता, मी असं बोललोच नाही. आता तुझं पत्र आहे. अलमासने खणातून काढलेलं, तिन्ही पानं. ते मी स्वतः नेऊन तपासाच्या साहेबांना दिलं. त्यांनी विचारलं, हे त्याचंच अक्षर कशावरून? म्हटलं, पाचवीपर्यंत मारून मारून शाळेत मीच धाडला होता, अक्षर तेवढंच आलं आणि तेवढंच आज कामाला आलं. तुझ्यावर दुसरा खटला होईल म्हणतात. होऊ दे. मला बोलावलं तर मी येईन, आणि उद्धवराव उस्तादाच्या गाडीपाशी मी काय म्हणाले होते तेही कोर्टात सांगेन. त्याला कुठलं कलम लागतं ते बघू दे त्यांना.

हवालदाराने लिहिलं: "मी सदर कैद्याची आई असून त्याच्या वर्तनाची जबाबदारी घेण्यास तयार नाही." वाचून दाखवलं आणि शाईचा पॅड पुढे केला. नाही म्हटलं तरी अंगठा लागतोच, हे मला माहीत नव्हतं.

तुला शब्द दिला होता अंगठा देईन म्हणून. दिला. त्या ओळीखाली आहे, विळ्याच्या रेघेसकट. वकिलाकडून नक्कल मागून घे आणि बघ, नीट उमटला आहे.

गाडी चौकीच्या आवारात उभी आहे. जयमालाच्या नावावर धूळ बसली होती, रुपालीने उजव्या हाताने पुसली.

तिचा डावा अजून मुठीत नीट वळत नाही. व्यायाम करा म्हणून दवाखान्यातून रबराचा चेंडू दिला, तो तिने अलमासच्या होणाऱ्या बाळासाठी ठेवून दिला. त्याऐवजी माझा खल मांडीशेजारी ठेवते, त्यात बत्ता उभा करते, आणि डोळे मिटून डाव्या हाताने पहिला, दुसरा, तिसरा टाकते. तिसऱ्याला दुखतं. तोंड वाकडं होतं, मग परत पहिला. त्यामुळे मी आता बत्ता उशाशी घेत नाही. मिळतच नाही मला तो. मिरी अलमासकडून कुटून आणते.

तिला विचारलं, बापाला काही लिहायचं आहे का. बराच वेळ गिअर टाकत राहिली. मग म्हणाली, "चौथा पडला की लिहीन."

आशीर्वाद याही वेळी शेवटी ठेवला होता, सवयीने. तो आहे. आईचा सुटत नाही, सोडू म्हटलं तरी. पण घरी येऊन घेऊ नको. तिथेच बसून घे.

आई
(अंगठा)